सभेत काय ठरणार हे गल्लीला आधी कसं कळावं? (बेळगाव, निपाणी, खानापूर)

मारुती_गल्ली

नमस्कार मंडळी. वाद घालायला नव्हे, काहीतरी उभं करायला हा धागा काढतोय.

आपल्या बेळगाव महापालिकेत ५८ नगरसेवक. त्यांची सर्वसाधारण सभा आणि चार स्थायी समित्या: कर-अर्थ, आरोग्य-शिक्षण, नगररचना आणि लेखा. यांच्यासमोर जे विषय येतात ते आपल्या उंबऱ्यापर्यंत पोचणारेच असतात. गटार कुठून न्यायची, कचऱ्याचा ठेका कुणाला, बाजारातल्या गाळ्यांचं भाडं किती, घरपट्टी किती वाढवायची. आणि आपल्याला कळतं कधी? जेसीबी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो तेव्हा.

घरपट्टीचंच बघा. एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट, जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड, हे शहरात लहान पोराला पण ठाऊक आहे, कारण त्याची गाडी फिरते, फलक लागतात. मग तो दर ज्या सभेत ठरला त्या सभेच्या आधी एक कागद का लागत नाही? यंत्रणा तीच, माणसं तीच.

वर्तमानपत्रं आपण वाचतोच. पण बातमी येते ती ठरल्यानंतर. ठरायच्या आधीची विषयपत्रिका नगरसेवकाच्या हातात असते. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या वॉर्डाशी संबंध असलेले त्यातले विषय सभेच्या आधी गल्लीतल्या फळ्यावर लागले पाहिजेत, आणि सभा झाली की त्याचं काय झालं ते त्याच फळ्यावर. शहापूर, वडगाव, अनगोळ, आपला सगळा जुना भाग घ्या, प्रत्येक चौकात मंडळाचा फळा आहे. शिवजयंतीची मिरवणूक, निधनवार्ता, रक्तदान शिबिर सगळं त्यावर येतं. सभेचे विषय तेवढे येत नाहीत.

कुणाच्या वॉर्डात असं काही चाललंय का? कसं केलं ते लिहा.

टिळकवाडीकर

चांगला विषय काढलात. थोडी पार्श्वभूमी घालतो, कारण नवीन पोरांना हे माहीत नसतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये आपण मतदान केलं. पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक झाली. निकाल लागला, नगरसेवक निवडून आले, आणि महापौर कधी झाला? फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधल्या काळात निवडून आलेली माणसं होती पण सभागृह नव्हतं, कारभार प्रशासकाच्या हातात. त्या काळात काय काय मंजूर झालं हे विचारायला लोकांना जागाच नव्हती. सभा होत नसेल तर विषयपत्रिका कुठली न् इतिवृत्त कुठलं?

म्हणून मला वाटतं, फळा हवाच, पण नगरसेवकाच्या मर्जीवर चालणारा फळा टिकणार नाही. ज्याला कायद्याचा आधार आहे अशी गोष्ट धरली पाहिजे. ती म्हणजे वॉर्ड समिती.

खानापूरची_लेक

टिळकवाडीकर काका, वॉर्ड समिती म्हणजे नेमकं काय ते सोप्या भाषेत सांगाल का? आमच्याकडे नगर पंचायत आहे, तिथं कधी ऐकलं नाही.

टिळकवाडीकर

सांगतो की.

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यात कलम २४३-एस आहे. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या असल्याच पाहिजेत, असं ते कलम सांगतं. २०११च्या जनगणनेत बेळगाव पाच लाखांच्या जवळ होतं, म्हणजे आपल्याला ते लागू आहे. कर्नाटकाने २०११ मध्ये महानगरपालिका कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक वॉर्डाला समिती आणि तिच्याखाली क्षेत्रसभा, म्हणजे भागातल्या मतदारांची सभा, अशी रचना आणली. समितीचा अध्यक्ष त्या वॉर्डाचा नगरसेवक. बाकीचे दहा सदस्य नागरिकांतून. त्यात किमान तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातींचे, दोन रहिवासी संघटनांचे. महिन्यातून एकदा बैठक. वॉर्डाचा विकास आराखडा करणं, कामांवर लक्ष ठेवणं, पाणी आणि कचरा बघणं ही तिची कामं.

कागदावर हे इतकं चांगलं आहे. मंगळूरमध्ये लोक उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे तिथल्या समित्या झाल्या. आपोआप कुठेच झालं नाही.

तुमच्या खानापूरचं वेगळं आहे. नगर पंचायत आणि निपाणीची नगरपालिका १९६४च्या कायद्याखाली येतात आणि लोकसंख्याही तीन लाखांच्या खूप खाली. तिथं वॉर्ड समितीचं हे कलम लागत नाही.

निपाणीकर

म्हणजे छोट्या गावातल्या माणसाने विचारायचंच नाही असं झालं हे. बेळगावकर मंडळी, तुमचा धागा चांगला आहे, पण तुमच्याकडे निदान एक कलम तरी आहे हातात.

आणि गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून सांगतो, खेड्यातला माणूस याबाबतीत आमच्यापेक्षा पुढं आहे. माझी बहीण दिली आहे ते गाव ग्रामपंचायतीत. तिथं १९९३च्या कायद्याप्रमाणे सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा घ्यावी लागते, तिच्याआधी वॉर्डसभा. घरकुलाची यादी त्या सभेत वाचली जाते. ती तिथं उभी राहून पीडीओला, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला विचारते, माझ्या शेजारणीचं नाव कुठं गेलं म्हणून. तिचं शिक्षण सातवी. मी पदवीधर, कर भरतो, आणि माझ्या रस्त्याचं टेंडर कधी निघालं ते मला ठेकेदाराच्या मुकादमाकडून कळतं.

जुना_कारकून

मी एका नगरपालिकेत नोकरी करून निवृत्त झालो. कुठली ते सांगत नाही. आतली बाजू थोडी सांगतो, म्हणजे काय मागायचं ते नेमकं कळेल.

सभेच्या आधी विषयपत्रिका निघते. प्रत्येक विषयाला क्रमांक असतो आणि मागे एक टिपणी जोडलेली असते. खरं वाचायचं ते टिपणीत. विषय एका ओळीचा असतो, ‘अमुक रस्त्याच्या कामास मंजुरी देणेबाबत’. टिपणीत रक्कम, कुठल्या निधीतून, आधी कुठल्या समितीने काय म्हटलं, हे सगळं असतं. सभेत ठराव होतो, त्यालाही क्रमांक आणि तारीख. मग इतिवृत्त लिहिलं जातं आणि पुढच्या सभेत वाचून कायम होतं.

तेव्हा फळ्यावर लिहिताना ठराव क्रमांक आणि तारीख लिहा. एवढं एक पाळलंत तर अर्ध्या अफवा तिथंच थांबतात. व्हॉट्सॲपवर फिरतं ‘आपल्या भागात घरं पाडणार’, ‘पाणीपट्टी दुप्पट झाली’. विचारा, ठराव कुठला? क्रमांक नसेल तर पुढं पाठवू नका.

दुसरं. ‘आयत्या वेळचे विषय’ यांच्यावर लक्ष ठेवा. ते छापील पत्रिकेत नसतात. सभा संपत आली की येतात आणि माणसं उठायच्या घाईत असतात. सगळेच वाईट असतात असं नाही, कधी खरंच तातडीचं काम असतं, पावसाळ्यात नाला फुटला तर काय महिना थांबणार? पण लोकांनी सगळ्यात आधी वाचावेत असे विषय तिथंच सापडतात.

मारुती_गल्ली

जुना कारकून साहेब, फार मोलाचं सांगितलंत. पण ही पत्रिका आणि टिपणी सामान्य माणसाने मिळवायची कशी? नगरसेवक देत असतील तर प्रश्न नाही. नाही दिली तर?

हिंदवाडी_वकील

माहितीचा अधिकार. २००५चा कायदा. पण अर्ज करायच्या आधी कलम ४ वाचा. लोक थेट कलम ६ खाली अर्ज टाकतात आणि तीस दिवस वाट बघतात. कलम ४ म्हणतं, न मागताच जाहीर करा.

त्यातल्या ४(१)(ब) मध्ये आठवा मुद्दा आहे. कार्यालयाची जी मंडळं, समित्या, परिषदा असतील त्यांची यादी द्यायची, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त लोकांना बघायला मिळतं का, तेही जाहीर करायचं. पुढे ४(१)(क): लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना किंवा निर्णय जाहीर करताना संबंधित सगळी वस्तुस्थिती प्रसिद्ध करायची. आखताना, हे लक्षात घ्या. मारुती गल्लीवाले जे म्हणतायत ते कायद्यातच आहे. आणि ४(१)(ड) म्हणतं, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणं द्यायची.

अर्ज करायचाच असेल तर कर्नाटकाचे दोन नियम सांभाळा. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. ‘गेल्या पाच वर्षांतले सगळे ठराव आणि सगळी बिलं’ असं मागितलं तर अर्ज अडकतो. ‘अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका टिपण्यांसह आणि कायम झालेलं इतिवृत्त’ एवढंच मागा. शुल्क १० रुपये, झेरॉक्सला पानामागे २ रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. तिथंही नाही झालं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग.

प्रत्यक्ष जाऊन फाईल बघायचा अधिकारही आहे, तो लोक वापरतच नाहीत. नकाशे आणि अंदाजपत्रकं तशीच बघावीत, झेरॉक्समध्ये काही कळत नाही.

वडगावचा_विणकर

हे सगळं बरोबर आहे वकीलसाहेब, पण येतं ते सगळं कन्नडात. माझ्या आईला, माझ्या काकांना ते वाचता येत नाही. मागावर बसलेला माणूस सुट्टी घेऊन कार्यालयात जाणार, दहा रुपये भरणार, महिन्याने कागद येणार आणि तो कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. आधी परिपत्रकं मराठीत द्या, मग पुढचं. या जिल्ह्यात मराठी माणूस काय आज आलाय का?

हिंदवाडी_वकील

दादा, तुमचं दुखणं खरं आहे. पाया काय आहे तेवढं सांगतो.

घटनेचं कलम ३५०: कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. म्हणजे मराठीत दिलेला अर्ज नाकारता येत नाही. उत्तर मराठीतच मिळेल असं मात्र ते कलम म्हणत नाही.

१९५६ नंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणं देशभर ठरली त्यात असं आहे, की जिल्हा किंवा त्याखालच्या पातळीवर १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही छापाव्यात. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असणारे १८ टक्क्यांच्या वर आहेत. मात्र ही सरकारांमधली सहमती आहे, तिच्यावर थेट दावा लावून आदेश आणणं अवघड. मागणी मात्र ठामपणे करता येते.

आणि माहिती अधिकाराचं ४(४): माहिती पसरवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात उपयोगी पडणारी पद्धत विचारात घ्यायची. तुमच्या वडगावात ती पद्धत कुठली, हे तुम्हीच सांगू शकता. अर्जात ते लिहा.

राकसकोप

विणकर दादा, मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मराठी परिपत्रकाची मागणी सोडायची नाही, ती आपल्या बापजाद्यांपासूनची आहे. पण ती मान्य होईपर्यंत गप्प बसलो तर तोवर ठराव होतच राहणार. आमच्या गल्लीत कन्नड बोलणारी घरं आहेत, उर्दू बोलणारी आहेत. पत्रिका कन्नडात असूनसुद्धा त्या कन्नड शेजाऱ्याला कालच्या सभेत काय झालं हे माहीत नसतं. कागद कुणाच्याच घरापर्यंत येत नाही. तेव्हा एकच पान काढा, अर्धं मराठी अर्धं कन्नड. तो शेजारीच आपल्याला पत्रिका वाचून दाखवेल. गटार दोघांच्याही दारातनं जाते.

वडगावचा_विणकर

राग कसला. वाचून दाखवणारा मिळत असेल तर चांगलंच आहे. पण मराठी अर्धं पान खाली नको, वर-खाली भेद न करता शेजारी-शेजारी छापा.

राकसकोप

मान्य. शेजारी-शेजारीच.

बचतगट_ताई

सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहिते. सभा, बैठका कधी असतात? सकाळी अकरा, दुपारी तीन. त्या वेळी आमची पोरं शाळेतून यायची असतात नाहीतर आम्ही कामावर. आणि पाणी कधी येणार, कचरागाडी का आली नाही, हे सगळ्यात जास्त कुणाला माहीत असतं? आम्हालाच.

फळा चौकात लावाल तर तो मंडळाच्या पोरांपुरता राहील. तिथं उभं राहून वाचत बसणारी बाई मी तरी बघितली नाही. कागद अंगणवाडीत लावा, रेशन दुकानात लावा, गिरणीत लावा. आमच्या बचतगटाची बैठक महिन्याला होतेच, तिथं दहा मिनिटं वाचून दाखवा, मी स्वतः वाचीन. क्षेत्रसभा झालीच तर ती संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात घ्या, सरकारी कार्यालयात नको. तिथं बायका बोलतात.

समितीत तीन महिला म्हणालात ना टिळकवाडीकर काका, त्या नगरसेवकाच्या घरातल्या नकोत. हेही लिहून ठेवा.

मारुती_गल्ली

ताई, हा मुद्दा माझ्या मूळ पोस्टमध्ये असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. गिरणी आणि रेशन दुकान नक्की.

शहापूरचा_शेतकरी

आधी कळणं म्हणजे किती पैशांचा प्रश्न आहे ते आम्हाला विचारा.

आमच्या शहापुरातल्या रस्त्याचं २०२४ मधलं प्रकरण सगळ्या पेपरांत आलं होतं. जागा नीट संपादन न करता रस्ता केला गेला, जागामालक धारवाडच्या खंडपीठात गेले, भरपाईचा आकडा २० कोटींच्या घरात गेला आणि शेवटी जागा परत द्यायचा विषय सभागृहात आला. रस्ता करायचा विषय जेव्हा पहिल्यांदा पुढं आला तेव्हा भागातल्या लोकांसमोर नकाशा ठेवला असता तर ‘ही जागा कुणाची’ हे कुणीही म्हातारा माणूस सांगू शकला असता.

हलगा-मच्छे बायपासचंही तेच. शहापूर, वडगाव, अनगोळच्या सुपीक शिवारातून रस्ता जाणार हे शेतकऱ्याला आधी विश्वासात घेऊन सांगितलं असतं तर उभ्या पिकात यंत्रं आणि समोर बायका-माणसं असं दृश्य बघायला लागलं नसतं. तो विषय महापालिकेचा नाही, महामार्गाचा आहे, मला ठाऊक आहे. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं सगळी कार्यालयं एकच. कुणीही येतं ते ठरवूनच येतं.

म्हणून त्या कागदावर नुसती महापालिका नको. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) योजना, स्मार्ट सिटीची उरलेली कामं, पाण्याची कामं, सगळं एका पानावर. कुठल्या खात्याचं काय हे लोकांनी का शोधत बसायचं?

कॅम्पवाला

आम्हा कॅम्पातल्या लोकांनाही धरा. आमचं कँटोन्मेंट बोर्ड वेगळं, कायदा वेगळा, २००६चा. रस्ता ओलांडला की हद्द बदलते.

बातमीदार_निवृत्त

मी काही वर्षं एका मराठी दैनिकासाठी सभा बघितल्या. पेपरची बाजू सांगतो. सभा चार-पाच तास चालते. वीस-तीस विषय असतात. दुसऱ्या दिवशी पानात जागा मिळते एका बातमीला, आणि ती बातमी होते गोंधळाची. भाषेवरून वाद झाला, कुणी सभात्याग केला, कुणी पत्रिका फाडली. तोवर बाकीचे विषय ‘मंजूर’ म्हणून निघून जातात, त्यांना ओळही मिळत नाही. वाचकाला गोंधळ कळतो, निर्णय कळत नाही. मी स्वतः अनेकदा संपादकांकडे निर्णयांची साधी चौकट मागितली, कधी मिळाली कधी नाही.

बेळगावात वृत्तपत्राची परंपरा केवढी जुनी. ‘तरुण भारत’ १९१९ मध्ये सुरू झाला, बाबूराव ठाकूरांनी काढला. सीमाभागातल्या माणसाला काय चाललंय हे पेपरनेच शंभर वर्षं सांगितलं. आजही एखाद्या गल्लीने ठराव क्रमांकांसह व्यवस्थित पान काढून वार्ताहराच्या हातात दिलं तर तो ते छापेल, त्याचं कामच हलकं होतं. वार्ताहराला शत्रू समजू नका, कच्चा माल द्या.

निपाणीकर

बरं, आमच्यासारख्यांनी काय करायचं ते पण कुणी सांगा. वॉर्ड समिती नाही म्हणून हात बांधून बसायचं का?

जुना_कारकून

मुळीच नाही. माहितीचा अधिकार निपाणीलाही तितकाच लागू, खानापूरलाही. कलम ४ची यादी तिथल्या मुख्याधिकाऱ्याकडे मागा. शिवाय अंदाजपत्रकाचा काळ पकडा. आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आधी अंदाजपत्रक मांडलं जातं, त्याच्या दोन-तीन महिने आधी भागातल्या दहा-वीस घरांच्या सह्यांचं निवेदन द्या, एकाच कामाचं. दहा मागण्यांचं निवेदन फायलीत जातं. एका मागणीचं निवेदन कुणाला तरी वाचावं लागतं. पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून घ्या.

तक्रार असेल तर राज्याची १९०२ ही मदतवाहिनी आहे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. मात्र ती बिघडलेल्या कामासाठी. ठरायच्या आधी बोलायला तिचा उपयोग नाही.

मारुती_गल्ली

एवढ्या चर्चेवरून पहिल्या पानाचा नमुना करून बघितला. जुना कारकून साहेब, वकीलसाहेब, यात काय चुकतंय ते बघा:

> आपला वॉर्ड, येणारी सभा
> सभेची तारीख, वेळ, ठिकाण
> आपल्या भागाचे विषय: पत्रिकेतला क्रमांक, काम काय, कुठून कुठपर्यंत, किती रक्कम, कुठला निधी
> याने कुणाच्या दारात काय बदलेल
> हरकत किंवा सूचना कुणाकडे, कधीपर्यंत
> मागच्या सभेत काय झालं: ठराव क्रमांक, तारीख, मंजूर / नामंजूर / पुढे ढकलला
> महापालिकेबाहेरची कामं: बुडा, पाणी, महामार्ग

मराठी डावीकडे, कन्नड उजवीकडे. वर मंडळाचं नाव नाही, नगरसेवकाचा फोटो नाही, पक्ष नाही, एकीकरण समिती नाही.

हिंदवाडी_वकील

एक ओळ घाला: ‘मूळ कागद कुणाकडे बघायला मिळेल’. ज्याला खात्री करायची त्याला करता आली पाहिजे. आणि ‘काय बदलेल’ या ओळीत मत लिहू नका, मोजमाप लिहा. ‘रस्ता रुंद होणार, अमुक बाजूची पायरी जाणार’ एवढंच. चांगलं का वाईट ते ज्याची पायरी जाणार तो ठरवेल.

टिळकवाडीकर

फोटो नको हे फार बरं केलंत. नगरसेवकाला मात्र पान छापायच्या आधी दाखवा. चूक असेल तर तो सांगेल, आणि आपल्यामागे लपून काही चाललंय असं त्याला वाटणार नाही. आमच्याकडचे मराठी, कन्नड दोन्ही नगरसेवक पत्रिका द्यायला तयार असतात, मागणारं कुणी येत नाही ही त्यांचीही तक्रार आहे.

आणि वॉर्ड समितीची मागणी समांतर चालू ठेवा. पान निघायला लागलं की समितीत बसायला माणसं आपोआप तयार होतील, कारण त्यांना विषय माहीत असतील.

बचतगट_ताई

अक्षर मोठं ठेवा. सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे.

भाडेकरू_अनगोळ

धागा सगळा वाचला. मी मूळची चंदगडची, नोकरीसाठी इथे भाड्याने राहते. क्षेत्रसभा झाली तर आमच्यासारख्यांना बसता येतं का, की घरपट्टी भरणारेच पाहिजेत?

टिळकवाडीकर

ताई, घराच्या मालकीचा संबंध नाही. क्षेत्रसभा म्हणजे त्या भागातल्या मतदारयादीत नाव असलेले सगळे. तुमचं नाव अजून चंदगडच्या यादीत असेल तर फॉर्म ८ भरून पत्ता इकडे बदलून घ्या, ऑनलाइन होतं किंवा बीएलओकडे, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्याकडे देता येतो. भाडेकरार नसेल तर गॅस किंवा विजेच्या बिलाबद्दल बीएलओला विचारा. तोवर पान तुमच्याही दाराला येईल, त्याला यादीत नाव लागत नाही. अनगोळमध्ये वाटायला कुणी आहे का, इथेच कळवा.

भाडेकरू_अनगोळ

मी आहे. माझ्या बिल्डिंगमध्ये आणि मागच्या दोन गल्ल्यांत मी देईन. कन्नड वाचायला मैत्रीण आहे बरोबर.